पहिली घंटी कोणाच्या टेबलावर

बाहेरून फोन आला की तो कोणाच्या टेबलावर वाजायचा, एवढंच ठरवायचं माझं काम. वर्ध्यात माझं छोटं दुकान आहे. दवाखाने, शाळा, जिनिंग, जिथे एकापेक्षा जास्त टेबलं आहेत तिथे मी इंटरकॉमची मशीन बसवतो. लोकांना वाटतं, वायरी ओढायच्या आणि डबा भिंतीला ठोकायचा, झालं. अहो, वायरी कोणीही ओढेल. खरी कटकट नंतर सुरू होते, "आता घंटी कोणाकडे वाजू द्यायची?" असं मी विचारतो तेव्हा. चांगली चांगली माणसं त्या प्रश्नावर एकमेकांकडे अशी बघतात, की मला स्क्रू ड्रायव्हर खिशात घालून चहा प्यायला जावंसं वाटतं.

ही गोष्ट देवळीकडच्या एका जिनिंगची. कापसातून सरकी वेगळी काढायची, रुईच्या गाठी बांधायच्या, असा तिथला धंदा. ऑफिसात माणसं तीन. मोठे भाऊ, वय सत्तरीला टेकलेलं, वडिलांच्या माघारी सगळा कारभार त्यांचाच. त्यांचे धाकटे भाऊ, जे वजनकाट्यावर बसून गाड्या मोजून घेत. आणि मोठ्या भाऊंची सून, सेलूची मुलगी, कॉम्प्युटर सांभाळायची. तिच्या नवऱ्याची नोकरी पुण्यात होती आणि तो तिथेच होता. मुलगी मात्र इथे आली ती जिनिंगमध्ये रमली, अशी घरातली आवडती तक्रार.

या घराचा एक नियम होता. भाव एकाच तोंडातून निघाला पाहिजे. सकाळी आजूबाजूच्या गावांतून फोन येतात, "आज काय भाव देता, गाडी आणू का?" याचं उत्तर मोठे भाऊच देणार. मोबाइल सगळ्यांच्या खिशात आहेत, पण गावोगावच्या भिंतींवर रंगवलेला नंबर ऑफिसच्या फोनचा, आणि तो फोन मोठ्या भाऊंच्या टेबलावर. त्यांच्या आधी दुसऱ्या कोणी उचलायचा नाही. वडिलांच्या काळापासून असंच चालत आलेलं. दोघांनी उचलला तर दोन भाव निघतील आणि जिनिंगची इज्जत जाईल, असं मोठे भाऊ म्हणायचे.

दसऱ्याच्या आधी मी तिथे नवी मशीन बसवली. ऑफिस, काटा, गोदाम मिळून पाच चकचकीत सेट, प्रत्येकावर लाल दिवा. मोठ्या भाऊंच्या टेबलावर एक जुनाट फोन होता, वजनाला खलबत्त्याइतका, आत खरीखुरी पितळी घंटी. मी तो उचलला, हातात तोलला आणि म्हणालो, "भाऊ, हे तर म्युझियममध्ये ठेवायला पाहिजे." सगळे हसले. मोठे भाऊही हसले, पण फोन माझ्या पिशवीत जाताना त्यांची नजर पिशवीवर होती. बाहेरची घंटी फक्त त्यांच्या टेबलावर, अशी मी मशीनला सूचना भरली आणि निघालो. जुना फोन माझ्या दुकानात भंगाराच्या पेटीत पडला.

दिवाळी झाली, कापूस यायला लागला, जिनिंगच्या मशिनी सुरू झाल्या आणि पंधरा दिवसांत तक्रार आली. शेतकरी म्हणत, "फोन वाजते, कोणी उचलतच नाई." गाड्या दुसऱ्या जिनिंगला वळायला लागल्या. मोठे भाऊ माझ्यावर उखडले.

"तुह्या मशीनमदी खराबी आहे. फोन वाजतच नाई तं उचलू काय?"

मी धावत गेलो. त्यांच्या टेबलाशी उभा राहिलो, माझ्या मोबाइलवरून ऑफिसचा नंबर लावला. फोन वाजला. मी म्हणालो, "वाजतोय की!" त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दिव्याकडे बघितलं. "हाव, आता वाजला," म्हणाले. "तू आला का नीट वाजते, तू गेला का बंद पडते."

माझा पारा चढला. मी सेट बदलला. आठवड्याने पुन्हा तक्रार. वायर बदलली. पुन्हा तक्रार. आवाज शेवटच्या टोकापर्यंत वाढवला. तरी तेच. तिसऱ्या खेपेला मी सगळ्यांसमोर बोलून गेलो, "भाऊ, दुपारी डुलकी-बिलकी लागते का?" ते समोरच्या कापसातून चिमूटभर रुई घेऊन दोन्ही हातांच्या बोटांनी ओढत बसले, धागा किती लांब निघतो ते बघत. ते वाक्य आठवलं की आजही माझं मलाच तोंड लपवावंसं वाटतं.

चौथ्या खेपेला त्यांनी निर्वाणीचं सांगितलं. "एकदाचं प्रोग्रामिंग का काय ते नीट कर, नाईतं तुह्यं मशीन उचलून ने." दुसऱ्याच दिवशी सकाळी मी पोचलो. आणि त्याच सकाळी, तासाभरात, तिघांनी मला तीन वेगवेगळ्या कोपऱ्यांत गाठलं.

पहिले मोठे भाऊ. "घंटी माह्याच टेबलावर पाह्यजे. दुसरीकडं वाजली तं याद राखजो." ठीक.

मग धाकटे भाऊ मला काट्याच्या खोलीमागे घेऊन गेले. इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली केला. जिनिंगमधला माणूस आवाज खाली करतो म्हणजे आपल्याला नेहमीसारखा ऐकू येतो. "बाहेरचा फोन माह्या काट्यावरही वाजू द्या. मोठ्यायले सांगू नका. मी उचलणार नाई, नुसता वाजू द्या."

उचलणार नाही! मी मनात म्हटलं, वा रे वा. ताट पुढ्यात वाढून घ्यायचं आणि म्हणायचं, जेवणार नाही.

तिथून ऑफिसात आलो तर सूनबाई कागद शोधण्याच्या निमित्ताने माझ्याजवळ. "काका, एक काम होतं. माझ्या सेटवर बाहेरच्या फोनचा दिवा लावता येईल? आवाज नको, नुसता दिवा. आणि बाबांना नका सांगू, प्लीज."

घ्या! आवाजही नको म्हणे. गुपचूप. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की इथे खुर्चीचं राजकारण चाललंय. म्हातारा जागचा हलत नाही, भावाला भाव सांगायची हौस, सुनेला दोघांच्या वरचढ व्हायचंय. मला अशी प्रकरणं फार आवडतात. खोटं कशाला बोलू, मी मोबाइलवर तिथल्या तिथे बायकोला सांगितलंसुद्धा, "आज इथं तमाशा पाहायला मिळन." ती म्हणाली, "तुम्ही तुमचं काम करा आन् घरी या." बायको माझ्यापेक्षा शहाणी आहे, हे ती मला दर आठवड्याला एकदा तरी सांगते.

या मशीनचं प्रोग्रामिंग म्हणजे मोठ्या भाऊंशेजारच्या सेटवरून आकडे दाबायचे. कोणती लाइन, कोणता सेट, लगेच वाजायचा की थांबून, आवाजाने की दिव्याने. आकडा बरोबर पडला की एक लांब बीप येते, चुकला की तुटक तुटक. त्या जिनिंगमध्ये मला माझी चूक न ओरडता सांगणारं ते एकच होतं. मी तिघांचं तिघांना दिलं. मोठ्या भाऊंकडे पहिल्या क्षणापासून घंटी, काट्यावरही घंटी, सूनबाईंकडे मुका दिवा. लांब बीप, लांब बीप, लांब बीप.

मग मी बाहेर कडुलिंबाखाली जाऊन उभा राहिलो. तिथून काटाही दिसत होता आणि खिडकीतून ऑफिसही. मशिनी धडधडत होत्या. मोबाइलवरून ऑफिसचा नंबर लावला आणि बघत राहिलो, कोण कोणाच्या आधी झडप घालतो.

काट्यावर घंटी वाजली. धाकट्या भाऊंनी फोनकडे बघितलंही नाही. काट्यावर ट्रॅक्टर उभा, शेतकरी वजनाकडे डोळे लावून, आणि हे गृहस्थ सगळं तसंच सोडून ऑफिसच्या दाराकडे चालू लागले. मी म्हटलं, आता आत जाऊन भांडण!

ऑफिसच्या आतल्या खोलीत मोठे भाऊ मान खाली घालून रुई ओढत बसले होते. त्यांच्या कोपरापासून वीतभर अंतरावर फोन वाजत होता, दिवा उघडमीट करत होता. त्यांनी मान वर केली नाही. बाहेरच्या खोलीत सूनबाई जागेवरून उठली. एक निळी फाइल उचलली, चालत आली आणि ती फाइल त्यांच्यासमोर, अगदी फोनला टेकवून ठेवली. मोठ्या भाऊंनी फाइलकडे बघितलं, मग दिवा बघितला, रिसीव्हर उचलला.

"राम राम, बोला!" माझ्या कानात त्यांचा खणखणीत आवाज.

ते दोनदा "हॅलो, हॅलो" म्हणाले आणि फोन ठेवला. दारापर्यंत आलेले धाकटे भाऊ, रिसीव्हर उचललेला दिसताच, तसेच मागे वळून काट्यावर गेले. सून जागेवर जाऊन बसली.

मला वाटलं, योगायोग असेल. मी पुन्हा फोन लावला. या वेळी सूनबाईने पाण्याचा ग्लास नेऊन ठेवला. पुन्हा तसंच, फोनला टेकवून.

मी लिंबाखाली मोबाइल कानाला लावून तसाच उभा. खुर्चीचं राजकारण! कसली खुर्ची अन् कसलं काय. म्हाताऱ्याला ऐकू येत नव्हतं. आणि ज्या दोघांना मी मघाशी मनातल्या मनात सोलून काढलं, ते दोघं त्याची घंटी त्याच्यापर्यंत पोचवायला धडपडत होते. मशिनींच्या धडधडीत त्याची घंटी त्यांच्यापर्यंत येत नव्हती, म्हणून एकाला घंटी आणि दुसरीला दिवा हवा होता; फोन उचलायचाच नव्हता. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. बायकोला लगेच फोन करून सांगावंसं वाटलं, पण ती काय म्हणेल ते मला माहीत होतं.

जिनिंगमध्ये सगळेच ओरडून बोलतात, त्यामुळे कोणाचे कान गेले ते चटकन कळत नाही. समोरचा माणूस ओठ हलवतो, चेहरा दिसतो, निभावून जातं. रिसीव्हर कानाला दाबला की आवाज मोठा येतो, तेही निभतं. पण टेबलावर वाजणारी बारीक, चिरकी घंटी? चाळीस हंगाम त्या धडधडीत काढलेल्या माणसाचे कान सगळ्यात आधी तेवढाच बारीक आवाज सोडून देतात. मी बसवलेला चकचकीत सेट नेमका तसाच चिरकत होता. पितळी घंटी त्यांना ऐकू येत होती, आणि ती मी हसत हसत पिशवीत घालून नेली होती. खराबी मशीनमध्ये नव्हती. खराबी मी केली होती, आणि वर त्यांना डुलकी लागते का म्हणून विचारलं होतं.

निघताना मोठ्या भाऊंनी मला थांबवलं. दार लोटून घेतलं. रुईकडे बघत म्हणाले, "ते जुनं डबडं फेकलं का बे?"

"नाही भाऊ. दुकानात आहे."

"त्याची घंटी बरी होती." थोडं थांबून म्हणाले, "कोणाले सांगू नको. हे समजलं का उद्यापासून मले घरी बसवतीन. पोरगा म्हणन, आता आराम करा बाबा. आराम करून काय करू? मले आराम येत नाई."

मी नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने मी तो खलबत्ता घेऊन गेलो. आदल्या दिवशी दुकानात पुसला होता, घंटीवरची धूळ काढून तेलाचा थेंब सोडला होता. त्यांच्या टेबलावर जोडला. लिंबाखालून फोन लावला. अर्धी घंटी वाजली नसेल, तोच खिडकीत मोठ्या भाऊंचा हात रिसीव्हरवर गेलेला दिसला. सूनबाई निळी फाइल घेऊन अर्धवट उठली होती, ती तशीच खाली बसली. तिकडे काट्यावर धाकट्या भाऊंनी आपल्या फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात ट्रॅक्टरवाल्यावर ओरडले, "अबे, चाक पुरं वर घे ना!"

आता काट्यावरची घंटी आणि सुनेचा दिवा यांची गरज उरली नव्हती. मी आत येऊन ते काढून टाकायला आकडे दाबू लागलो.

"काय करून राह्यला?" मोठ्या भाऊंनी विचारलं.

"काही नाही, नुसतं चेक करतोय."

"सुनेचा दिवा काढत असशीन तं काढू नको."

माझं बोट तिथेच थांबलं.

"मले समजत नाई काय? कालपासून तिचा दिवा लागला का रिकामी फाइल येते माह्या टेबलावर, एका दिवसात दहा डाव. आत एक कागद नाई. पाणी प्यायलो नाई तं दुसरा गिलास येते. आन् तो धाकटा, काटा सोडून दारापावतर येते, काई न बोलता चालला जाते." ते हसले, पण डोळे पुसायला त्यांनी धोतराचा सोगा धरला. कापसाच्या धुळीने डोळ्यांत पाणी येतं, असं म्हणाले. "राहू दे तो दिवा. ही घंटी किती साल ऐकू येईन, कोणाले माईत. आन् तिले सांगू नको, मले माईत आहे म्हणून."

बाहेर पडलो तर दारात सूनबाई. "काका, बाबांना कळलं तर नाही ना?" मी म्हटलं, "छे." काट्याजवळ धाकटे भाऊ. "काऊन हो, मोठ्यायले काई समजलं तं नाई?" मी म्हटलं, "अजिबात नाही." देवळीच्या स्टँडवर येईपर्यंत मी तीन गुपितं पोटात घेऊन चालत होतो, आणि ती ज्यांच्यापासून लपवायची त्या सगळ्यांना ती आधीच ठाऊक होती. सबंध जिनिंगमध्ये काही माहीत नसलेला माणूस एकच होता, तो म्हणजे मी.

तो हंगाम तसाच गेला. पुढच्या वर्षी कापूस यायला लागला आणि मशीनची बॅटरी बदलायला मला बोलावणं आलं. ऑफिसात शिरलो तर निळी फाइल सूनबाईच्या टेबलावर होती. मी सहज म्हटलं, "अजून आहे का ही?" तिने फाइल उघडून माझ्यापुढे सरकवली. आत कागद होता. मोठ्या भाऊंचं अक्षर, वेलांट्या ठसठशीत, आजची तारीख आणि त्याखाली आजचा भाव. त्याखाली कालचा कागद, त्याखाली परवाचा.

"रोज सकाळी ते स्वतः उठून आणून ठेवतात," ती म्हणाली. "म्हणतात, भाव एकाच तोंडातून निघाला पाहिजे. मग तोंड कोणाचं का असंना."

तेवढ्यात मोठ्या भाऊंनी आतून हाक मारली. पितळी घंटीचा फोन त्यांच्यासमोर होता, शेजारी रुईचा ढीग. मागच्या वर्षीपेक्षा मला जास्त जोरात बोलावं लागलं, ते मी त्यांना जाणवू दिलं नाही. त्यांनी मात्र दार लोटलं नाही या वेळी. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तीन घंट्या झाल्या आन् मी नाई उचलला, तं चौथी तिच्याकडं वाजू दे. दिवा नाई. आवाजानं. आन् ती उचलन."

काट्याच्या खिडकीत धाकटे भाऊ उभे होते. सूनबाईने कॉम्प्युटरवरून मान वर केली नाही, पण तिचं टायपिंग थांबलं होतं. मी सेट पुढे ओढला आणि आकडे दाबले, कोणती लाइन, कोणता सेट, किती घंट्यांनी. एक आकडा माझ्याकडून चुकला आणि तुटक बीप आली. पुन्हा दाबला. लांब बीप आली.

"झालं?" मोठ्या भाऊंनी माझ्या तोंडाकडे बघत विचारलं. बीप त्यांना ऐकू आली नव्हती.

"झालं भाऊ," मी म्हणालो, आणि त्यांना दिसेल अशी मान हलवली.